पोच मिळाली, पाणी नाही

बदलापुरात तक्रारींचा तुटवडा कधीच नव्हता. उल्हास नदी गावाला लागून वाहते, बारवी धरणावर लोक रविवारी डबे घेऊन सहलीला येतात, आणि मे महिन्यात आमच्या गेटवर टँकर उभा असतो. जुलै उजाडला की तीच नदी पार्किंगपर्यंत येऊन जाते. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफच्या बोटी आणि नौदलाचे जवान आले. उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला टेकतो. बदलापूर लोकल इथूनच सुटते, म्हणजे बसायला जागा मिळणार, असं नव्याने फ्लॅट घेतलेल्या माणसाला वाटतं; पण अंबरनाथची मंडळी डाऊन करून, म्हणजे उलट्या दिशेने बसून, खिडकी धरूनच येतात आणि बदलापूरकर स्वतःच्याच स्टेशनात उभ्याने चढतो. अशा गावात दोन माणसं भेटली की 'कसं काय' कोणी विचारत नाही. 'तुमच्याकडे लाइट आहे का' असं विचारतात.

आमची सोसायटी बदलापूर गावात, म्हणजे स्टेशनपासून शेअर रिक्षाने. स्टेशनच्या आसपासचं सगळं कुळगाव. नगरपरिषदेच्या नावातसुद्धा कुळगाव आधी आणि बदलापूर मागून. हीही एक जुनी तक्रार आहे, पण ती कुठल्या खात्याकडे करायची हे अजून ठरलेलं नाही.

सोसायटीची तक्रार वही वॉचमनच्या केबिनमध्ये असते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, तिला सुतळीने पेन बांधलेलं. पेनात रिफिल नसते. वॉचमनच्या खिशात दुसरं पेन असतं, ते तो देत नाही, कारण मागे एकदा दिलं ते ए विंगमध्ये गेलं. वहीत अनुक्रमांक, दिनांक, फ्लॅट, तक्रार, सही आणि शेरा असे रकाने आखलेले. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, सेक्रेटरींच्या अक्षरात: 'पाहिले.' पाण्याची तक्रार पाहिले, लिफ्टची तक्रार पाहिले, 'आपण नुसतंच पाहता' ही तक्रारसुद्धा पाहिले.

मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. माझी उभी नोकरी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, समोरच्याच्या प्रतीवर पोच द्यायची. त्या नोकरीत मला एकच गोष्ट शिकायला मिळाली, ती ही, की माणूस काम व्हावं म्हणून कचेरीत येतो हे खरं असलं तरी पोच हातात पडली की अर्धा शांत होतो. नंबर नीट घडी घालून खिशात ठेवतो, वर दोनदा चाचपून बघतो. काम झालं नाही तर पुढच्या महिन्यात त्याच नंबराचा हवाला देऊन नवा अर्ज करतो. त्याला नवा नंबर मिळतो.

तर हे सगळं सुरळीत चाललेलं असताना माझा भाचा आमच्याकडे राहायला आला. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम घरून. आणि रात्री जेवणं झाल्यावर दुसरंच काहीतरी.

"मामा, हेल्पडेस्क लिहितोय. ओपन सोर्स."

"म्हणजे काय?"

त्याने समजावलं. कोणी तक्रारीचा मेल पाठवला की त्याला आपोआप नंबर पडतो, त्याला तिकीट म्हणतात. ते तिकीट कोणाच्या टेबलावर जायचं ते ठरतं. किती वेळात उत्तर द्यायचं याचं घड्याळ सुरू होतं. उत्तर दिलं की स्थिती बदलते, शेवटी तिकीट बंद.

"म्हणजे आवक-जावक," मी म्हटलं.

तो दुखावला. "मामा, याला एपीआय आहे."

मग त्याने मला घराण्याचा इतिहास सांगितला, आणि तो खरोखर ऐकण्यासारखा आहे. १९९६ साली अमेरिकेत जेसी व्हिन्सेंट नावाच्या तरुणाने पर्ल भाषेत 'रिक्वेस्ट ट्रॅकर' लिहिलं. २००१ मध्ये जर्मनीत मार्टिन एडेनहोफरने 'ओटीआरएस' काढलं, तेही पर्लमध्ये. पुढे विकिपीडियाला येणारी पत्रं स्वयंसेवक वर्षानुवर्षं त्यातूनच हाताळत राहिले. पीएचपीवाल्यांचं 'ओएसतिकीट' निघालं, ते जगभर छोट्या कचेऱ्यांनी फुकट बसवून घेतलं. आता गंमत बघा. ज्या एडेनहोफरने ओटीआरएस जन्माला घातलं तोच त्यातून बाहेर पडला आणि २०१६ मध्ये त्याने 'झॅमॅड' नावाचं तेच काम करणारं सॉफ्टवेअर रुबी भाषेत पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. इकडे २०२० संपताना ओटीआरएसच्या कंपनीने मोफत आवृत्तीवरून हात काढून घेतला, तेव्हा दुसऱ्यांनी तिची फांदी तोडून 'झ्नूनी' या नावाने वाढवली. एका तक्रार वहीच्या तीन वह्या झाल्या. तक्रारी त्याच.

या फांदी तोडण्याला ही मंडळी 'फोर्क' म्हणतात आणि फार मोठं तत्त्वज्ञान असल्यासारखं सांगतात. आम्हाला त्याचं कौतुक कसं वाटणार? दोन स्टेशनं पलीकडे उल्हासनगर आहे. फाळणीनंतर रिकाम्या लष्करी बराकींत येऊन पडलेल्या सिंधी माणसांनी तिथे शून्यातून बाजार उभा केला, आणि जगात कुठलीही वस्तू निघाली की तिची आवृत्ती उल्हासनगरात आठवड्याभरात मिळते, हे कल्याणपासून कर्जतपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. 'मेड इन यूएसए', म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद मी इथे सांगत नाही, तो त्यांचा स्वतःचाच सांगून झालाय. फरक एवढाच, की ओपन सोर्सवाला फांदी तोडताना मूळ झाडाच्या मालकाचं नाव लिहितो आणि आपल्या फांदीचा कोडही उघडा ठेवतो. बऱ्याच परवान्यांत तशी अटच असते. उल्हासनगरच्या दुकानात 'याचा मूळ नकाशा द्या' म्हणून बघा.

"आणि हे काही परदेशातलंच नाही," भाचा म्हणाला. "आपल्या लाइनीवर पण आहे. विद्याविहारला."

हे मला नवीन होतं. विद्याविहारला फ्रापे नावाची कंपनी आहे. रुषभ मेहता हे तिचे संस्थापक. घरच्या फर्निचरच्या धंद्यात हिशेब-साठा-ऑर्डरींचं तयार सॉफ्टवेअर बसवताना आलेल्या कटकटीतून त्यांनी स्वतःच एक लिहिलं आणि ते 'ईआरपीनेक्स्ट' या नावाने सगळ्यांना उघडं करून टाकलं. त्यात तक्रारींसाठी 'इश्यू' नावाचा एक छोटा कप्पा होता. तेवढ्यावर भागेना, म्हणून २०२२ च्या सुमारास त्यांनी वेगळं हेल्पडेस्क काढलं, त्याचं नाव बदललं, पडद्यावर दिसणारा भाग नव्या पद्धतीने बांधला. सगळा कोड उघडा. परवाना असा, की कोणी त्यात फेरफार करून ते इंटरनेटवर लोकांना वापरायला दिलं तर केलेले फेरफारही वापरणाऱ्यांना दाखवायला हवेत. मला ही अट फार आवडली. आमच्या कचेरीत फाइलमध्ये कोणी काय फेरफार केला हे विचारायला माहितीचा अधिकार यावा लागला.

"मग तू तेच का नाही घेत?" मी विचारलं.

"शिकायचंय मामा. स्वतः लिहिल्याशिवाय कळत नाही." हे वाक्य मी त्याच्या आईला कळवलं नाही.

तर भाच्याने लिहिलेलं हेल्पडेस्क पहिल्यांदा चालवून बघायला आमची सोसायटी मिळाली. सेक्रेटरींना ते आवडलं, कारण त्यात 'पाहिले' असं बटण होतं. पहिल्या दिवशी आलेली तिकिटं मी स्वतः वाचली. विषय: पाणी. तपशील: नाही. दुसरं, विषय: पाणी. तपशील: वरीलप्रमाणे. तिसऱ्यात विषयाच्या जागी फ्लॅट नंबर आणि तपशिलात 'तुम्हाला माहीत आहे.'

प्राधान्य निवडायची सोय होती: साधं, मध्यम, तातडीचं. सगळ्यांनी तातडीचं निवडलं. भाच्याने वर 'अतितातडीचं' घातलं, तर सगळे जिना चढून वर गेले. मी त्याला म्हटलं, हे आम्ही लाल चिठ्ठ्यांच्या जमान्यात करून बसलोय. शेवटी कचेरीत असं झालं होतं की ज्या कागदावर काहीच लिहिलेलं नाही तो साहेब कुतूहलाने आधी उचलायचे.

तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. 'पाणी' या प्रकाराला भाच्याने हौसेने दोन उपप्रकार दिले होते: 'येत नाही' आणि 'कमी येतं'. जूनच्या अखेरीस तिसरा वाढवावा लागला: 'आत शिरलं'.

खरा गोंधळ झाला तो तिकिटं एकत्र करण्यावरून. पाणी गेलं की प्रत्येक घरातून एक तिकीट यायचं. सॉफ्टवेअरच्या जगात अशा वेळी एक तिकीट मुख्य धरतात आणि बाकीची त्यात विलीन करतात, म्हणजे उत्तर एकदाच लिहावं लागतं. जगभरची हेल्पडेस्कं हेच करतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. आमच्याकडे बी विंगच्या वहिनींना मेल गेला, 'आपली तक्रार फ्लॅट २०४ च्या तक्रारीत विलीन करण्यात आली आहे.' वहिनी रात्री साडेनऊला गाऊनवर ओढणी घेऊन आमच्या दारात.

"भाऊजी, माझी तक्रार तिच्या तक्रारीत का घातली?"

"अहो, पाणी एकच आहे ना."

"पाणी एक असेल. मी सकाळी सहाला तक्रार केली. ती सातला उठते."

म्हणून तक्रार आधी कोणाची ते बघून त्यांची मुख्य केली, तर २०४ वाल्या आल्या. त्यांचं म्हणणं, बी विंगमध्ये विलीन व्हायला आम्ही मेंटेनन्स देत नाही. अखेर भाच्याने विलीनीकरण आतल्या आत, गुपचूप करायची सोय केली. बाहेर प्रत्येकाला स्वतंत्र नंबर, स्वतंत्र पोच, स्वतंत्र उत्तर; आत सगळं एक. त्याला वाटलं त्याने फार मोठी तडजोड केली. मला तर वाटतं सगळं प्रशासन असंच चालतं.

मग एका शुक्रवारी ए विंगमधले एक गृहस्थ गणपतीला कोकणात गेले आणि जाताना आपल्या मेलला 'मी सध्या गावी आहे, परतल्यावर उत्तर देईन' असं आपोआप जाणारं उत्तर लावून गेले. गाडीत बसता बसता त्यांनी लिफ्टची तक्रार केली. हेल्पडेस्कने पोच दिली: आपली तक्रार मिळाली. त्यांच्या मेलने उत्तर दिलं: मी गावी आहे. हेल्पडेस्कने ही नवी तक्रार समजून पुन्हा पोच दिली. मेलने पुन्हा कळवलं, गावी आहे. पहाट होईपर्यंत दोघं एकमेकांशी अतिशय अदबीने बोलत राहिले. सकाळी सेक्रेटरींनी उघडून बघितलं तर पानंच्या पानं भरलेली आणि माणूस सावंतवाडीच्या पुढे. हा रोग इतका जुना आहे की २००४ सालीच त्याच्यावर आरएफसी ३८३४ नावाचा रीतसर दस्तऐवज निघालेला आहे: आपोआप जाणाऱ्या पत्राच्या डोक्यावर 'हे आपोआप गेलंय' अशी खूण करावी आणि अशी खूण असलेल्या पत्राला यंत्राने उत्तर देऊ नये. भाच्याने तो रातोरात वाचून काढला. माझ्या मते तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सुप्रभात' पाठवणाऱ्यांनाही लागू करायला हवा.

अशा एकेका रात्रीनंतर कोडमध्ये एकेक ओळ वाढत गेली. मला कोड कळत नाही, पण भाचा बाजूला मराठीत टिपा लिहायचा त्या वाचता यायच्या. 'टँकरचं तिकीट असेल तर दोन्ही विंगना एकाच सेकंदाला कळवावे.' 'रात्री अकरानंतर सेक्रेटरींना मेसेज नको, त्यांच्या घरून फोन आला होता.' 'फ्लॅट ३०२ च्या पत्रात प्रिय लिहू नये.' ही शेवटची टीप का, तर तिथल्या आजी पोच हातात घेऊन खाली आल्या होत्या आणि वॉचमनला विचारत होत्या, हा मला प्रिय म्हणणारा कोण?

पुढे भाच्याला तो कोड बघवेना. "मामा, हे सगळं ठिगळ झालंय. मुळापासून पुन्हा लिहितो." मी गप्प बसलो, कारण साहेब बदलला की नवी रजिस्टरं आखली जातात हे मी आयुष्यभर पाहिलेलं. पण त्यानेच मला नंतर सांगितलं की या मोहाबद्दल जाणत्यांनी इशारे देऊन ठेवलेत. आयबीएममध्ये ओएस ३६० चं काम पाहिलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ च्या पुस्तकात लिहिलंय की माणसाची दुसरी रचना सर्वांत धोक्याची, कारण पहिल्या वेळी आवरून धरलेल्या सगळ्या हौशी तो तिच्यात घालतो. आणि २००० साली जोएल स्पोल्स्कीने नेटस्केपचं उदाहरण दिलं. त्यांनी ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी बाजारात आलीच नाही, एकदम सहावी आली, आणि मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने मैदान मारलं. स्पोल्स्कीचं म्हणणं असं, की जुन्या कोडमधली ती कुरूप ठिगळं म्हणजे कोणीतरी घाम गाळून दुरुस्त केलेल्या चुका असतात.

"हे तुला आधी माहीत होतं?"

"हो ना. पण माझी केस वेगळी होती."

दुसरी आवृत्ती देखणी झाली. पडदा काळा करता यायचा. तोंडाने तक्रार सांगता यायची. तक्रारदार किती चिडलाय हे ओळखणारं एक यंत्र बसवलं होतं, ते सगळ्यांनाच 'अत्यंत' दाखवायचं. सेक्रेटरींसाठी आलेख होते. कुठल्या प्रकारच्या किती तक्रारी हे दाखवणारं वर्तुळ त्यांनी पहिल्यांदा उघडलं तेव्हा ते पूर्ण निळं होतं. त्यांना वाटलं काही बिघडलंय. बिघडलं काही नव्हतं, निळा रंग पाण्याचा होता.

आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा ए विंगला आधी कळलं. रात्री साडेअकराला सेक्रेटरींचा फोन वाजला. सकाळी ३०२ च्या आजी खाली उभ्या, हातात 'प्रिय रहिवासी'. मिटलेली सगळी भांडणं एका आठवड्यात ताजी होऊन परत आली, कारण ती जिथे मिटली होती त्या ओळी भाच्याने अस्वच्छ म्हणून पुसल्या होत्या. मग त्याने जुना कोड पुन्हा उघडला आणि एकेक ठिगळ शोधून नव्यात शिवत बसला. ते संपता संपता नवा कोड जुन्यासारखाच दिसायला लागला. पडदा मात्र काळा होता.

कोड त्याने इंटरनेटवर उघडा ठेवलेला, त्यामुळे मधल्या काळात अनोळखी मंडळींच्याही तक्रारी येऊ लागल्या. म्हणजे तक्रार वहीबद्दलच्या तक्रारींची एक वेगळी वही. बहुतेकांचा मजकूर 'चालत नाही' एवढाच, जणू सगळं जग आमच्याच बी विंगमध्ये राहतं. खाली पन्नास जण 'मलाही' म्हणून अंगठा देऊन जातात, दुरुस्तीला हात कोणी लावत नाही. ब्राझीलमधल्या कोणीतरी विचारलं, ही 'टँकर' नावाची वर्गवारी काय आहे, मला ती बंद करता येईल का? भाच्याने सविस्तर लिहून कळवलं. त्यावर प्रश्न आला, हा दोष आहे की सुविधा? भाचा बराच वेळ विचार करत बसला आणि मग त्याने लिहिलं, 'प्रथा.'

वरवर हसण्यासारखं असलं तरी या फुकट कामाचा भार मी रोज डोळ्यांनी बघत होतो. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचं भगदाड सापडलं तेव्हा जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटची कुलपं ज्या कोडवर आहेत तो सांभाळायला मोजकी चार माणसं आहेत. २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कोडमधली लबाडी उघड झाली: त्याचा सांभाळकर्ता थकलेला होता, तेव्हा एकाने दोन वर्षं गोड बोलून विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला. हे ऐकल्यापासून भाच्याला कोणी अनोळखी माणसाने 'मी मदत करू का' म्हणून लिहिलं की त्याची मामी विचारते, कोणाच्या ओळखीचा आहे?

एवढं होईपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा आली. हेल्पडेस्क रीतसर स्वीकारावं असा ठराव होता. पण खजिनदारांनी बोट ठेवलं: कुठलीही खरेदी तीन कोटेशनांशिवाय करता येत नाही.

"पण हे फुकट आहे," भाचा म्हणाला.

"असू दे. फुकट असल्याचं कोटेशन द्या. ऑडिटर विचारतात."

भाच्याने लेटरहेड नसल्यामुळे साध्या कागदावर शून्य रुपयांचं कोटेशन दिलं. ते अक्षरी नव्हतं म्हणून परत आलं; त्याने 'अक्षरी रुपये शून्य फक्त' लिहून दिलं. उरलेली दोन कोटेशनं मिळवायला सेक्रेटरी आठवडाभर हिंडले. एक विक्रेता म्हणाला, शून्याच्या खाली आम्हाला जाता येणार नाही, तुम्ही आधीच ठरवून बसलात. दुसऱ्याने वर्षाला अठरा हजार सांगितले, वर जीएसटी. तुलनात्मक तक्ता तयार झाला. भाचा मामाच्या घरी राहतो, तेव्हा हितसंबंधाचं काय, असा एक आक्षेप आला; मी पोच दिली. शेवटी शून्य हा आकडा सर्वांत कमी असल्याबद्दल सभेची खात्री पटली आणि सूचक-अनुमोदकांची नावं लिहायला घेतली, तेवढ्यात मागच्या रांगेतून ३०२ च्या आजींनी हात वर केला.

"शून्य ठीक आहे, पण एकदम सगळे रोख दिले तर त्यात काही कमी होईल का, एवढं त्या मुलाला विचारा."

भाच्याने फोन काढला आणि तो प्रश्न तिकीट म्हणून नोंदवून घेतला. प्राधान्य: अतितातडीचं. दोन मिनिटांनी आजींच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून नंबर मोठ्याने वाचून दाखवला आणि समाधानाने खाली बसल्या.